सुट्टीत मिशन सेवेला केनियाला जाऊ का? बाबा नाही म्हणतायत

प्रिय 'दोन मनात, नाशिक',

तुझं पत्र मोठं होतं, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तू वीस वर्षांची, बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात लहानपणापासून. यंदा परीक्षा झाली की मे-जूनमधे तुमची आठ जणांची टीम केनियाला जाणारे, मोम्बासाच्या वरच्या अंगाला किलिफी भागात, सहा आठवडे सेवेला. माणशी पावणेदोन लाख, त्यातले पन्नास हजार घरचे आणि बाकीचे मंडळी विशेष अर्पणातून जमवणार. प्रोग्रॅममधे मेडिकल कॅम्प, मुलांची डीव्हीबीएस म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, एका शाळेचं रंगकाम आणि दर शनिवारी अनाथाश्रम. पाळकसाहेब म्हणाले हे देवाचं पाचारण आहे, नाही म्हणशील तर देवाला नाही म्हटल्यासारखं होईल. बाबा म्हणाले लष्कराच्या भाकऱ्या भाजायला एवढ्या लांब कशाला, गरीब इथे कमी आहेत का, पेठ-सुरगाण्याला जा की. कॉलेजातल्या मैत्रिणीने विचारलं तिकडे जाऊन लोकांचा धर्म बदलणार का, चुलतभाऊ म्हणाला इन्स्टावर फोटो टाकायची हौस आहे सगळी. आजी तेवढी खूश. आणि तू रात्री दीड वाजता मला लिहितेस की ताई मला खरंच जायचंय पण आता तसं म्हणायची पण लाज वाटायला लागलीये.

लाज कसली त्यात. आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तू शेवटपर्यंत श्वास रोखून वाचायला नको. जा. पण हा जो प्रोग्रॅम कागदावर आहे तो जसाच्या तसा घेऊन जाऊ नकोस, त्यातल्या काही गोष्टी बदलून घे आणि एक गोष्ट पूर्णच काढून टाकायला लाव. मला विचारशील तर सगळा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतो, हे काम कोणाचं आहे? तिथल्या मंडळीने ठरवलंय, त्यांना हवंय, त्यांच्या हाताखाली तू राबणारेस, असं असेल तर बिनधास्त जा. नाशिकमधे बसून कोणीतरी ठरवलंय की तिकडच्यांना काय हवं असेल, असं असेल तर मग ते उंटावरून शेळ्या हाकणं झालं, त्याला सेवा म्हणू नका.

मी हे बोलतेय कारण मी नर्सिंग ट्यूटर, त्याच किनाऱ्यावर एका मिशन दवाखान्यात काही वर्षं काढलीत. टीम येतात, जातात, ते मी आतल्या बाजूने पाहिलंय, म्हणजे ज्यांना आधी गाद्या काढून उन्हात टाकाव्या लागतात आणि नंतर चादरी धुवाव्या लागतात त्यांच्या बाजूने. चांगल्या टीमही पाहिल्या हां, हौशे-नवशे-गवशे पण भरपूर पाहिले.

मैत्रिणीच्या प्रश्नाला फार वेळ नको. केनियाच्या 2019 च्या जनगणनेत साधारण 85 टक्के लोक ख्रिस्ती आहेत. आपण महाराष्ट्रात 2011 ला 1 टक्का पण भरलो नाही. त्यामुळे नाशिकची आठ पोरं जाऊन केनियाला सुवार्ता सांगणार हे जरा उलटंच आहे, खरं तर त्यांनी आपल्याकडे टीम पाठवायला पाहिजे, आणि पाठवली तर मला फार मजा येईल बघायला. किलिफी भागातच राबाई म्हणून गाव आहे, तिथे क्राप्फ नावाचा जर्मन मिशनरी 1846 ला ठाणं मांडून बसला. त्याच्या दोन वर्षं आधी तो मोम्बासाला उतरला तेव्हा काही महिन्यांतच त्याची बायको आणि तान्हं बाळ तापाने गेलं, तरी माणूस हलला नाही. आपल्या नगरला अमेरिकन मिशन आलं 1831 ला, म्हणजे आपल्यात आणि त्यांच्यात अंतर जेमतेम पंधरा वर्षांचं. तिथे बिशप, पाळक, मदर्स युनियन म्हणजे चर्चचं महिला मंडळ, क्वायर सगळं तिथलंच, पिढ्यानपिढ्यांचं, आणि क्वायर तर असं की आपल्या तरुण संघाने गिटार खाली ठेवावी.

आता एक गोष्ट जी तुला कोणी सांगितली नसेल, तुझ्या पत्रात तरी तिचा उल्लेख नाहीये, आणि मला वाटतं नाशिकच्या पोरीने केनियाला जाण्याचं सगळ्यात पटणारं कारण हेच आहे. तू शरणपूर रोडवरून रोज जात असशील. त्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने आफ्रिकन मुलांसाठी आश्रम चालवला होता. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून नेलेली मुलं, ब्रिटिश आरमाराने समुद्रात गलबतं अडवून सोडवलेली, ती मुंबईला उतरवायचे आणि त्यातली बरीच पुढे नाशिकला यायची. तिथे शाळा, सुतारकाम, लोहारकाम, बाप्तिस्मा, सगळं इथेच. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन 1865 ला मुंबईला आला आणि पुढच्या वर्षी शेवटच्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर शरणपूरच्या शाळेतली काही मुलं होती. नंतर आणखी गेली, त्यातला एक जेकब वेनराइट. 1 मे 1873 ला लिव्हिंगस्टन आत्ताच्या झांबियात चितांबोच्या गावात वारला, तेव्हा त्याचं काळीज तिथे झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती या नाशिकला शिकलेल्या वेनराइटने, झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच, आणि मग त्या सगळ्यांनी मिळून ते शव महिनोन् महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणलं. 18 एप्रिल 1874 ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमधे दफन झालं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हा होता.

आणि पुढचं तर थेट तुझ्या मोम्बासाचं आहे. विल्यम जोन्स आणि जॉर्ज डेव्हिड हे शरणपूरला वाढलेले दोघं 1860 च्या दशकातच राबाईला गेले आणि तिथली मंडळी त्यांनी सांभाळली. 1873 ला झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला, तो करार करायला गेलेले बार्टल फ्रेअर म्हणजे मुंबईचे आधीचे गव्हर्नर, आणि त्यांच्याच नावाने मोम्बासाच्या समोरच्या किनाऱ्यावर 1875 च्या सुमारास फ्रेअरटाउन वसलं, सोडवलेल्या गुलामांची वस्ती. ती उभी करणारा पाद्री प्राइस आधी शरणपूर चालवायचा आणि त्याने सोबत नेले ते नाशिकचे आफ्रिकन, तिकडे त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणायचे. फ्रेअरटाउनची घंटा अजून आहे, तो चौकच तिच्यामुळे केंगेलेनी म्हणून ओळखला जातो. त्यांचे पणतू-खापरपणतू आजही फ्रेअरटाउनला आणि राबाईला आहेत.

तर तुझ्या आधी नाशिकहून माणसं तिकडे गेलीत, आणि ती हातात धंदा घेऊन गेली, सुतार म्हणून, शिक्षक म्हणून, तिथल्याच चर्चची माणसं म्हणून राहिली. जाताना शरणपूरचे आत्ताचे फोटो मोबाइलमधे घेऊन जा, चर्चचे, रस्त्याचे, जुनी घरं काही उरली असतील तर त्यांचे. आणि तिथल्या म्हाताऱ्यांना दाखव, विचार, लिहून आण. मेडिकल कॅम्पपेक्षा हे काम तुम्हाला जास्त जमेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता कागदावरच्या प्रोग्रॅमकडे येते. अनाथाश्रम काढायचा. कमी करायचा नाही, काढायचा. अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचं आई-वडिलांपैकी कोणीतरी हयात असतं, निदान आजी, मावशी, काका तरी असतातच, आणि मूल तिथे असतं ते शाळेची फी आणि दोन वेळचं जेवण मिळतं म्हणून. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून संस्था चालते, आणि संस्था चालायला मुलं लागतात, कळतंय ना चक्र? केनिया सरकारने 2017 ला अशा नव्या संस्थांची नोंदणीच थांबवली आणि 2022 च्या बालकायद्यात मुलं कुटुंबात वाढावीत यावर जोर दिला. म्हणजे तिथलं सरकार जे बंद करायला बघतंय ते आपण वर्गणी काढून चालवायला जाणार. आणि मुलांचं काय होतं ते तू पेडियाट्रिक्सला शिकलीसच, पण डोळ्यांनी बघ कधी, गाडी फाटकातून आत आली की चार वर्षांचं पोरगं धावत येऊन अनोळखी बाईच्या मांडीला मिठी मारतं, नाव माहीत नाही, तोंड पाहिलेलं नाही, बाई विरघळते, म्हणते किती प्रेमळ आहेत ना ही मुलं. ते प्रेमळ नाहीये गं. घरातलं धड मूल अनोळखी माणूस आला की आईच्या मागे लपतं. आणि सहा शनिवार त्याला उचलून घेऊन सातव्या शनिवारी तू मुंबईच्या विमानात. पुढच्या सुट्टीत दुसरी टीम. त्यापेक्षा तिथल्या मदर्स युनियनच्या बायकांबरोबर घरोघरी जा, नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या तिथे प्रत्येक गावात आहेत, त्यांच्या अंगणात बस, मक्याचे दाणे सोलायला लाग, बोल. फोटोला काही मिळणार नाही पण ते घर टिकावं म्हणून मंडळी काय करतेय ते कळेल.

मेडिकल कॅम्पबद्दल मी जरा जास्तच लिहिणारे, कारण तू नर्स होणारेस. तुला स्वतःला विचार, नाशिकच्या सिव्हिलमधे तुला जे एकटीने करायची परवानगी नाही ते केनियात का असावी? महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात नाही तोवर तू इथे विद्यार्थिनी आहेस, तिथेही विद्यार्थिनीच आहेस, आणि त्यांचं स्वतःचं नर्सिंग कौन्सिल आहे, कायदे आहेत. गरिबी आहे म्हणून नियम ढिले असं समजायचं नाही. युगांडात जिंजाला एका अमेरिकन तरुणीने मिशनच्या भावनेनेच कुपोषित मुलांसाठी केंद्र काढलं होतं, वैद्यकीय शिक्षण शून्य, तरी उपचारात हात घालायची असा आरोप होता. तिथे दाखल झालेली शंभरावर मुलं दगावली. 2019 ला दोन आयांनी कोर्टात केस केली, 2020 ला जबाबदारी मान्य न करता तडजोड झाली. त्या मुलीचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, हेतूबद्दल कोणी बोलतच नव्हतं कोर्टात.

मग तू करायचं काय? भरपूर आहे. सकाळी सातला दवाखान्याच्या ओट्यावर आया पोरं घेऊन बसलेल्या असतात, लेसो म्हणजे तिथलं रंगीत सुती कापड गुंडाळलेल्या, पाठीवर बाळ. तिथली नर्स एकटी असते. वजनकाट्याची झोळी तू धर, वजन तू मोठ्याने सांग, ती वहीत लिहील. दंडाचा घेर मोजायची पट्टी तुला येते, अंगणवाडीच्या पोस्टिंगला वापरलीच असशील, तीच पट्टी, तेच रंग, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, वर हिरवा. पट्टी डाव्या दंडाच्या मधोमध, हात सैल, फार आवळायची नाही. लाल आलं की तू काय करायचंस? काही नाही. नर्सला हाक मारायची. पावडर पाजायची नाही, सलाइन लावायचं नाही, ग्रुपवर प्रार्थनाविनंती म्हणून मुलाचा फोटो टाकायचा नाही. ते मूल कुठल्या हॉस्पिटलला पाठवायचं, आईबरोबर कोण जाणार, घरी बाकीची चार पोरं कोण बघणार, हे सगळं तिथल्या नर्सला आणि गावातल्या आरोग्य सेविकेला माहीत असतं. 2023 मधे केनियाने गावोगाव मिळून एक लाखाच्या आसपास असे आरोग्य कार्यकर्ते कामाला लावलेत, किट देऊन, आपल्या आशाताईंसारखंच काम. त्यांच्यापैकी एखादीच्या मागे फिर दिवसभर, उन्हात, पायी. कॉलेजच्या सेमिस्टरमधे जे शिकणार नाहीस ते त्या एका दिवसात शिकशील.

बॅगा भरून औषधं न्यायचा बेत असेल तर तोही मोड. आमच्याकडे एका टीमने आणली होती, कुठली ते सोड, अर्ध्यांची मुदत संपत आलेली, उरलेल्यांची लेबलं कोणाला वाचता येईनात, फार्मसीतला भाऊ आठवडाभर तेच निवडत बसला आणि रांगेतले लोक त्याला शिव्या देत होते, टीमला नाही.

डीव्हीबीएसचं सोपं आहे, मेमधे तिथे शाळा सुरू असतात, त्यांचं दुसरं सत्र एप्रिलच्या सुट्टीनंतर लागतं आणि ऑगस्टपर्यंत चालतं. आपली सुट्टी म्हणजे त्यांची सुट्टी नाही, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बघितलं नाही वाटतं. पोरांना वर्गातून उठवून आपण ॲक्शन साँग शिकवायची का? रविवारच्या शाळेत तिथल्या शिक्षिकेला मदत करा, बास. आणि रंगकाम, तिथे गावात रंगारी आहे, बेकार बसलेला आहे, त्याला मजुरी द्या, भिंत चांगली रंगेल.

हे सगळं पाळकसाहेबांना सांगायचं कसं, हा तुझा खरा प्रश्न आहे ना. नाही म्हणशील तर देवाला नाही म्हटल्यासारखं, हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं, वीस वर्षांच्या मुलीला तर नाहीच. पाचारण खरं असेल तर चार प्रश्न विचारल्याने ते पळून जात नाही. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्च मोजा असं प्रभूनेच सांगितलंय, आणि तो दाखला पाळकसाहेबांनी चार वेळा तरी प्रवचनात घेतला असेल. तेव्हा नीट आदराने, एकटी जाऊ नकोस, तरुण संघाच्या सेक्रेटरीला घेऊन जा, आणि विचार की आपल्याला बोलावलंय कोणी, त्यांचं पत्र आहे का, पत्रात त्यांनी काय मागितलंय. आठ जणांचे मिळून चौदा लाख होतायत, त्यातले तिथल्या मंडळीच्या हातात किती राहणार, की सगळे विमान आणि हॉटेलात जाणार? आपल्या राहण्या-जेवण्याचा खर्च आपण त्यांना देणार आहोत का? कारण ते मागणार नाहीत, कोंबडी कापतील, स्वतः उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजी खातील आणि तुम्हाला पिलाव वाढतील. टीमबरोबर मोठी बाई कोण आहे? मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम आहेत का, म्हणजे कोणीही मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही वगैरे? ते चर्च तिथे नोंदणी झालेलं आहे का? हा शेवटचा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल पण 2023 ला किलिफीतच शाकाहोलाच्या जंगलात एका पास्टरच्या नादी लागून उपाशी राहिलेल्या लोकांचे चारशेहून जास्त मृतदेह उकरून काढले, त्यानंतर त्या भागात बाहेरून आलेल्या कुठल्याही धार्मिक टीमकडे लोक आणि पोलीस दोघंही बारकाईने बघतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

कागदपत्रांतही तोच घोळ नको. जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी आणलंय, एजंट सरळ टुरिस्ट लिहून मोकळा होतो. दवाखान्यात काम करायला जाणारे म्हटल्यावर बोलावणाऱ्या मंडळीला तिथल्या इमिग्रेशनकडे स्पेशल पासबद्दल विचारू दे, ते काम त्यांचं आहे, आणि ते करायला जी मंडळी तयार नाही तिने तुम्हाला खरंच बोलावलंय का याचं उत्तर तिथेच मिळालं.

किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती मोठी आहे, शेकडो वर्षांची, शेजारी शेजारी राहतात, एकमेकांच्या लग्नाला जातात. तुम्ही सहा आठवड्यांचे पाहुणे, मशिदीसमोर पत्रकं वाटायचा उत्साह कोणाला आला तर हात धरून मागे ओढ. मिजिकेंडा लोकांची कायांची जंगलं आहेत, पूर्वजांची पवित्र जागा, आपल्या देवराईसारखी, युनेस्कोच्या यादीत आहेत 2008 पासून. टीममधलं कोणी त्याला सैतानाची जागा वगैरे म्हणालं तर निदान मराठीत म्हणू दे. मोठ्या माणसाला भेटलीस की शिकामो म्हणायचं, ते मराहाबा म्हणतील, एवढं जरी रोज केलंस ना तरी म्हाताऱ्या बायका तुला सुनेसारखं वागवतील, म्हणजे कामाला लावतील. गुडघ्याच्या वरचे कपडे गावात नको, लेसो तिथेच घे, स्वस्त असतो, कमरेला गुंडाळला की झालं.

तब्येतीचं पटकन सांगते. पिवळ्या तापाची लस घ्यायचीच, सरकारमान्य ठरावीक केंद्रांवरच मिळते, निघायच्या निदान दहा दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेव, कारण केनियाहून परतताना ते नसेल तर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनला ठेवू शकतं. मलेरियाला हलक्यात घेऊ नकोस, आपल्याकडे झाला होता लहानपणी म्हणून काही होत नाही असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस, तिकडचा बहुतेक फाल्सिपेरम म्हणजे जास्त घातक प्रकारचा असतो आणि मे म्हणजे किनाऱ्यावर ऐन पावसाळा. प्रतिबंधाची गोळी डॉक्टरला विचारून घे, डॉक्सी म्हणजे डॉक्सीसायक्लिन दिली तर परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते, सगळे इथेच चुकतात, आणि तिने उन्हाचा त्रास होतो. मच्छरदाणीत झोप. परत आल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं की मी केनियाला होते. बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, रात्री नाही, हेल्मेटशिवाय तर नाहीच, खरं सांगू का सिंहापेक्षा डासापेक्षा भीती तिची. इन्शुरन्स असा घे ज्यात हॉस्पिटल आणि परत आणायचा खर्च आहे.

चुलतभावाला उत्तर देत बसू नकोस. फक्त एक कर, मुलांचे, पेशंटचे, कोणाच्या पडक्या घराचे फोटो टाकायचे नाहीत, हा नियम आत्ताच टीमच्या ग्रुपवर टाक, बघ कोण कोण कुरकुरतंय, त्यावरून पण बरंच कळेल. माणसाने स्वतः ये गं फोटो काढू म्हटलं तर काढ की, त्यात काय.

राहिले बाबा. बाबांचं म्हणणं टाकाऊ नाहीये. पेठ-सुरगाण्यात कुपोषण आहे, नर्सेस कमी आहेत, आणि तू नाशिकची असून तिकडे किती वेळा गेलीस हे त्यांनी विचारलं तर तुझ्याकडे उत्तर नसेल. केनियातले लोक जास्त गरीब आहेत म्हणून मी जातेय, असं त्यांना सांगू नकोस, त्या वादात तू हरशील आणि हरायलाच पाहिजे. खरं ते सांग. मला शिकायला जायचंय, दुसऱ्या देशातली आपल्यासारखीच मंडळी कमी पैशात कमी माणसांत दवाखाना कसा चालवते ते बघायचंय, आणि शरणपूरची गोष्ट त्यांना सांग, बाबा नाशिकचेच ना, त्यांना आवडेल, मला खात्री आहे. आणि त्यांच्या पन्नास हजारांच्या बदल्यात काहीतरी ठोस दे. मेच्या आधीचे शनिवार पेठच्या एखाद्या आरोग्य केंद्रात, कॉलेजच्या पत्राने, रीतसर. म्हणजे तिकडे जाऊन पट्टी धरणारा हात आधी इथे सरावलेला असेल, आणि बाबांना पण दिसेल की पोरगी विमानात बसायच्या हौसेने नाचत नाहीये. पाळकसाहेब घरी येऊन समजावतील म्हणाले असं लिहिलंस, ते नको. बाबांवर देवाचं नाव घेऊन दबाव आणला तर ते पैसे देतील पण मनात धरून ठेवतील, आणि आई मधल्या मधे पिचेल.

सहा आठवडे मला जास्तच वाटतात, शेवटच्या दोन आठवड्यांची कॉलेजातून सुट्टी मागावी लागणारे असं तूच लिहिलंयस. हजेरीचा घोळ नर्सिंगला फार महागात पडतो. चार आठवडे, एकाच गावात, एकाच दवाखान्यात. मोम्बासा, नैरोबी, सफारी असं फिरायचं असेल तर ते स्वतःच्या पैशाने शेवटी दोन दिवस, अर्पणाच्या पैशाने नाही. मंडळीतल्या पेन्शनवाल्या आज्यांनी शंभर-दोनशे रुपये टाकलेले असतात त्या पाकिटात, परत आल्यावर हिशोब वाचून दाखवायचा, पावत्यांसकट.

पाळकसाहेबांशी या रविवारी उपासनेनंतर बोल. बोलावणाऱ्यांचं पत्र बघायला माग आणि अनाथाश्रमाचं आधी काढ, बाकीचं नंतर. रंगकाम, डीव्हीबीएस यावर ते अडून बसले तर थोडं सोडून दे, सगळंच पहिल्या फटक्यात बदलत नाही. पण अनाथाश्रम काढायला आणि तुला नर्सच्या हाताखालीच ठेवायला ते तयार नसतील, तर जाऊ नकोस. तेव्हा पन्नास हजार बाबांना परत दे आणि पाळकसाहेबांना सांग पुढच्या वर्षी बघू. काय झालं ते कळव मला, शरणपूरचे फोटो काढलेस तर ते पण पाठव.

जय ख्रिस्त.
तुझी,
ताई